खाट क्रमांक अकरा

"इथे नाही, जरा खाली,"
हंसराजभाई गाला सांगतात
आणि माझा स्टेथो स्वतःच सरकवतात
खांद्याच्या हाडाखाली.
सकाळपासूनचा मी सातवा.

पुस्तकात लिहिलंय : कानाशी केस चोळावेत तसा आवाज.
काल हॉस्टेलच्या बाथरूममध्ये
स्वतःचेच केस चोळून पाहिले होते मी.

बिडी? नाही. गिरणी? नाही.
माटुंग्याला किराण्याचं दुकान, चाळीस वर्षं.
केसपेपर भरला, पेनाला टोपण लावलं.
निकुंभ मॅडम दारातूनच म्हणाल्या,
"सकाळी उठून काय करतात, विचारलंस?"

नव्हतं विचारलं.

गच्चीवर कबुतरं. रोज दोन किलो ज्वारी.
"पुण्य लागतं," ते म्हणाले, मग खोकले.
खोकला थांबेपर्यंत
पेन हातात तसंच.

"मलाही ऐकू दे की एकदा."
नळ्या त्यांच्या कानात घातल्या,
चकती त्यांच्याच पाठीला धरून उभा राहिलो.
डोळे मिटले त्यांनी.
ऑक्सिजनची बाटली बुडबुडत होती.

"दाणे पडतायत," म्हणाले.
"पत्र्यावर."

खिडकीच्या कट्ट्यावर, परळच्या उन्हात,
एक कबुतर घुमत होतं.
मी जाऊन खिडकी लावली.
परत वळलो तर आठवी मुलगी उभी, वही छातीशी धरून,
आणि हंसराजभाई सदरा वर करत तिला सांगत होते,
"ये. आधी हात चोळून घे, चकती गार असते."