मानस

राजपत्र इंग्रजीत आलं. पंचायतीची कारकून मी,
मराठीत करायचं आणि कोंकणीत वाचायचं काम माझ्याकडे.
‘उक्त जलमार्ग यापुढे राष्ट्रीय राहील.’
उक्त म्हणजे आमची खाडी.
कुंभारजुव्याच्या ग्रामसभेत बावीस माणसं, एक पंखा,
आणि रुझार, ऐकू कमी येतं म्हणून पुढच्या बाकावर.
त्यानं विचारलं, राष्ट्रीय म्हणजे कुठली,
भरतीची की सुकतीची?
कुणी हसलं नाही.

मी म्हटलं, पाणी तुमचंच,
पाण्यावरून काय जाईल तेवढं दिल्ली ठरवील.
आणि काठ?
काठाचं परिशिष्टात आहे.
परिशिष्ट जोडलेलं नव्हतं.

पूर्वीही असंच झालं होतं म्हणतात.
लिस्बनच्या राजाचा माणूस गावोगावच्या रीती लिहून घेत फिरला,
बांध कुणी घालायचा, चिखल कुणी काढायचा, मीठ कुणाचं.
आम्हाला पाठ होतं ते आम्हालाच वाचून दाखवलं
आणि ऐकल्याचा खंड लावला.

सदुसष्टच्या जानेवारीत बाबांनी फुलावर शिक्का मारला,
धर्माकाकांनी दोन पानांवर.
बाबा म्हणायचे, भाषा एक, देव एक,
मोठ्या घरात एक खोली मिळाली तरी पुरे.
काका म्हणायचे, खोली मिळेल रे,
चूल कुणाच्या हातात?
निकालानंतर आमच्या विहिरीवर दोन रहाट बसले.
पाणी तेच, कुरकुर वेगळी.
मी फुलाच्या घरात वाढले
आणि हे फुलाच्या भाषेत लिहितेय,
पानांच्या राज्यात.
सत्त्याऐंशीत राज्य झालं तेव्हा काका पेढे घेऊन आले.
बाबा नको म्हणाले.
मग अर्धा खाल्ला.

शाणू तारी मानस सांभाळतो.
मानस म्हणजे मन, असं मला शाळेत शिकवलं.
इथं मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार,
खाऱ्या पाण्याला खाजनात न सोडणारं.
भरतीला बाहेरचं पाणी रेटतं, दार मिटतं,
जोर जितका, तितकं घट्ट.
सुकतीला आतलं पाणी हलकेच ढकलतं
आणि ते उघडतं.
शाणूला विचारलं तर म्हणतो, मी काय करतो?
शेवाळ खरवडतो.

सभेत मागून कुणीतरी ओरडलं,
गावाचं राज्य गावाकडे!
टाळ्या पडल्या. मीही वाजवली एक,
मग थांबले.
ज्या गावकरीत एकाच गावकाराचा ‘नाही’
अख्खा निर्णय अडवायचा,
तिथं माझ्या आईचा ‘नाही’ कुठल्याच वहीत नाही.
तिनं बांधाचा चिखल डोक्यावरून वाहिला;
वर्षाचा वाटा मोजला जायचा तेव्हा ती पायरीखाली उभी असायची.
आणि एकदा बांध फुटला, गावकार तीन महिने भांडले,
शेतं मिठानं पांढरी झाली,
तेव्हा दगड आले ते दिल्लीच्याच कुठल्याशा योजनेतून.
हेही इतिवृत्तात हवं. कुणी घालू दिलं नाही.

शाणू उठला. तो सभेत बोलत नाही.
म्हणाला, बार्जी मोठ्या येणार.
मोठ्या बार्जीची लाट मोठी.
बांध रात्री दोनला खचला
तर फोन कुणाला लावायचा?
सरपंचांनी माझ्याकडे बघितलं,
मी राजपत्राकडे.
रुझार म्हणाला, हिला ऐकू येत नाही वाटतं.

पौषातल्या अवसेला काठावर चिखलाची मगर थापतात,
डोळ्यांच्या जागी शिंपले लावून.
परवाची अजून तिथंच आहे,
शेपटी भरतीनं नेलेली,
तोंड खाडीकडे.

हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.
रात्री अर्ज भरायला बसले.
नाव, गाव, सर्व्हे नंबर.
‘हितसंबंधाचे स्वरूप’ या रकान्यात
मालक लिहिलं, खोडलं.
रहिवासी लिहिलं, तेही खोडलं.
जागा उरली होती बोटभर.
तिथं शाणूला विचारून लिहिलं:
उद्याची भरती
पहाटे चार वाजून दहा मिनिटं.