बीड, नग एक

दारूखान्यात मी वजनं लिहायचो.
पितळ वेगळं, तांबं वेगळं, पत्रा वेगळा,
नटबोल्ट गोणीवर.
जहाज भरतीला चिखलात आणून बसवायचं
आणि ओहोटी-ओहोटीनं कापत जायचं.
चार महिन्यांनी उरायची ती नुसती ओली जागा.

त्यातल्या एकाच्या भटारखान्यातून
इद्रीसनं बिडाचं भांडं आणलं,
दोन हातांनी, पोटाशी धरून.
तीन बुटके पाय, तारेची कडी,
आणि झाकणाच्या वरच्या बाजूला उभी कड.
पाण्यावर हलणाऱ्या घरात भांड्याला पाय कशाला,
कोणालाच सांगता येईना.
झाकण आम्ही पालथं घालून पाहिलं, सुलटं घालून पाहिलं.
वाकडं ओतलंय, क्रेनवाला शेडगे म्हणाला.
इद्रीस म्हणाला, निखारे ठेवायला आहे ती कड.
आमच्या गोंड्याला हंडीवर ठेवतात.

काट्यावर साडेआठ किलो भरलं.
मी पेन उघडलं होतं.
मग टोपण लावलं.
एकवीस वर्षांच्या नोकरीत एवढंच.

पावटे शेडगेनं आणले लालबागहून,
रात्रभर आणि दिवसभर बादलीत टाकले.
आमचा बोनस तीन दिवाळ्या भिजत पडला होता,
त्या मानानं पावटे लवकर फुगले.

लाकूड वखारीतलं, आडवंतिडवं कापलेलं.
जहाजाचं सागवान हाताशी असून
इद्रीसनं त्याला हात लावू दिला नाही.
रंग आहे त्यावर, म्हणाला, पोटात जातो.
दिवसभर तोच रंग
गॅसच्या ज्योतीनं जाळून
छातीत घेणारा माणूस.

कांदा, गूळ, चिंचेचा कोळ, लाल मिरच्या चार,
पाणी पावट्यांच्या वर दोन पेरं.
निखारे खाली थोडे, झाकणावर जास्त.
मग बसलो.
समोर बुचर बेटावर तेलाच्या बोटींचे दिवे,
मागे चिखलाचा आणि डिझेलचा वास,
आणि त्या दोन्हींच्या मधून, अकराच्या सुमाराला,
गुळाचा.

कुकर असता तर शिट्ट्या मोजल्या असत्या.
इथे मोजायला काहीच नव्हतं,
मला ते जड गेलं.
शेडगेनं दोनदा झाकण उचललं,
दोनदा वाफ गेली, दोनदा शिवी खाल्ली.
तिसऱ्या वेळी इद्रीस भांड्याला टेकता येईल
इतका जवळ जाऊन बसला,
पाठ आगीकडे, तोंड आमच्याकडे.

एक वाजता उघडलं.
शितावरून भाताची परीक्षा म्हणतात,
पावट्याचं तसं नाही.
एक विरघळतो, शेजारचा दातांना उत्तर देतो.
कडेला गूळ काळा पडून चिकटला होता,
तो आम्ही पान्यानं खरवडून खाल्ला.
पाव शिळे होते. चालले.
पहारेकरी पवळे आधी ओरडायला आला होता,
नंतर त्यानंच विचारलं, तळाशी आहे का काही.
होतं. सकाळसाठी ठेवलं होतं.

सकाळी शेठचा पुतण्या आला,
त्यानं झाकणही न उघडता भांडं काट्यावर चढवलं.
लिहा, म्हणाला.
मी लिहिलं: बीड, नग एक, नऊ किलो दोनशे.
वरचे सातशे ग्रॅम काय होते
ते वहीत नाही.
बिडाच्या भावानं गेले.

पुढच्या जहाजाला इद्रीस नव्हता.
गावी गेला म्हणाले, खोकला होता म्हणाले.
ज्योतीवर दुसरा माणूस आला,
त्याचं नाव मी हजेरीत त्याच ओळीत लिहिलं,
जागा होती म्हणून.

आता घरी कधी पावटे आणतो,
गूळ जरा जास्त घाल, म्हणतो.
कुकरच्या शिट्ट्या बायको मोजते.
मी तेवढा वेळ
बाहेर गॅलरीत जाऊन बसतो,
पाठ स्वयंपाकघराकडे करून.