ध्येय क्रमांक चार

रेजायनाला उणे एकतीस.
शिक्षक परिषदेच्या खोलीत हीटर खोकतो आहे.
फळ्यावर पुढच्या पाच वर्षांची तीन ध्येयं:
विश्वास. दर्जा. पारदर्शकता.

"यातलं मोजायचं काय?" लॉर्न विचारतो.
चाळीस वर्षं त्यानं गहू तोलला;
जे काट्यावर चढत नाही, त्याला तो भाव देत नाही.
सल्लागार म्हणतो, टक्के टाकू या.
मी इतिवृत्तात लिहिते: टक्के.

तेवढ्यात ओरिसिया पालामार
पिशवीतून एक कागद काढते. वहीतून टरकावलेला,
कडेला भोकांच्या चिंध्या.
चौदा महिन्यांपूर्वी आलेला. आवक शिक्का आपलाच.
"मी आमच्या भाषेत दहापर्यंत मोजलं.
सरांनी मला बाहेर उभं केलं.
उत्तर पाठवा. उत्तर पाठवा."

खिडकीशी बसलेली वर्ना कीवाटिन
काचेवरच्या बर्फाला सांगावं तसं पुटपुटते:
पेयक, नीसो, निस्तो.
थांबते.
नेवो.

"मुलगी आता कितवीत?"
"आठवीत."
"आणि सर?"
ओरिसिया चष्मा पुसत राहते.

मग लॉर्नच उठतो. खडबडीत अक्षरात,
तिन्हींच्या खाली, उरलेल्या जागेत दाटीवाटीनं:
पत्र आलं की तीस दिवसांत
आपल्यातलं कुणीतरी त्या दारात जाईल.

"भाषा जरा घासूनपुसून घेऊ,"
सल्लागार म्हणतो.
कुणी मान हलवत नाही.

मंत्रालयाकडे जाणाऱ्या प्रतीत
हे वाक्य टिकेल का, सांगता येत नाही.
इतिवृत्तात आहे.
दाटीवाटीसकट.