तिसरी ओळ

बुधवारच्या जुन्या बाजारात
घड्याळांचे सांगाडे आणि एकेकट्या बुटांच्या शेजारी
ती तबकडी तीस रुपयांना मिळाली.
लेबल उंदरानं खाल्लेलं, उरलेली अक्षरं तीन.
गाणाऱ्याचं नाव त्या तिनात बसत नाही.

दुकानात सुई टेकवली.
आधी तळणीचा आवाज, मग गिटार,
मग एक माणूस, पुढचा दात पडलेला असावा:
दोर माझा, हात माझे, विहीर दुसऱ्याची.
पुन्हा तीच ओळ,
जात्याचा खुंटा फिरून समोर यावा तशी.
तिसऱ्या ओळीवर तडा.
सुई उडते.

मिक्सर दुरुस्तीला आणलेल्या सुवार्ता साळवे
पिशवी हातातच धरून म्हणाल्या,
हे आमच्या पप्पांचं.

पप्पा म्हणजे शांतवन साळवे, पुढे घोरपडी शेडला फायरमन.
चव्वेचाळीस साली खडकीच्या लष्करी इस्पितळात वॉर्डबॉय.
तिथं एक काळा अमेरिकन शिपाई, पाय प्लास्टरात,
औषधाच्या बाटलीचा गळा बोटात घालून
तारांवर घासायचा.
नाव?
पप्पा त्याला भाऊ म्हणत, तो पप्पांना डॉक्टर.
गाणं माझ्या आजीचं, म्हणायचा.
आजीला ते बांधावर माती टाकणाऱ्यांनी दिलं.
त्यांना कुणी दिलं, हे विचारायचं राहिलं.

पप्पांचं इंग्रजी बेताचंच.
पण विहीर कळायला किती इंग्रजी लागतं?
त्यांचे वडील शेवगावकडे एका आडापासून
वीस पावलं लांब मडकं घेऊन बसत,
कुणी वरून ओतेल म्हणून.

शिपायाची तिसरी ओळ होती:
तहान तेवढी माझी, ती कुणी मागत नाही.
पप्पांनी दोन ओळी मराठीत आणल्या,
तिसरी रोज वेगळी गायचे.
इंजिनात कोळसा सारताना एक,
आईशी भांडण झालं की दुसरी.
पानशेत फुटलं, नळ कोरडे पडले,
पेठेतल्या बुजत आलेल्या विहिरींवर अख्खं पुणं रांगेत,
तेव्हा कळशी खाली ठेवून गायले:
आज सगळ्या उघडल्या, बाबा, आज सगळ्यांना गढूळ.
रांगेतला एक जण हसला.
एकानं तोंड फिरवलं.

मी विचारलं, मग तबकडीवर कुठली असेल?
काय माहीत, म्हणाल्या. तडा गेलाय तेच बरं.
मिक्सरचे पैसे नको म्हटलं,
त्यांनी मोजून टेबलावर ठेवले.

तबकडी मी विकायला काढली नाही.
त्यांची नात उंड्रीला, अकराव्या मजल्यावर.
पहाटे टँकर आला की तिचा फोन येतो,
काका, ऐका, आज नवीन सुचलीय.
ती गाते. पहिली ओळ, पुन्हा पहिली,
आणि मग खाली कुणीतरी पाइप सोडतं.
पाण्याच्या आवाजात
पुढचं काहीच ऐकू येत नाही.