मुकुटातला आकडा

नोटीस बोर्डावर 'सौंदर्य' हा शब्द नव्हता.
प्राचार्यांनी तो खोडून लिहिलं होतं : व्यक्तिमत्त्व स्पर्धा,
पालकांची परवानगी आवश्यक.
मी अप्पांना सांगितलं, वक्तृत्व आहे.
मागावरची मान न उचलता ते म्हणाले,
मग मोठ्यानं बोल. मागच्यांना ऐकू आलं पायजे.

शहापूरच्या आमच्या गल्लीत तेव्हा
माणसं बोलायची ती धोट्याच्या दोन खटक्यांमधल्या जागेत.
अप्पांनीच विणलेली अंजिरी साडी,
सकाळी पेढीवर जायची होती,
मी एका रात्रीपुरती नेसले.
डाग पडला असता तर मेलेच असते.

आम्ही सातजणी.
कॅम्पातली डोरिन फ्रॉकमध्ये,
निपाणीच्या सुनंदा पत्रावळेच्या पदराला तंबाखूचा वास,
तो आम्हाला यायचा, तिला नाही.
परीक्षकांनी विचारलं,
एक दिवसाचं राज्य मिळालं तर काय कराल?
मी विचारलं, कुठलं राज्य, सर?

खरंच कळलं नव्हतं हो मला.
खरं बेळगावात, त्या साली, भर गॅदरिंगमध्ये!
हॉल एक श्वास गप्प राहिला,
मग मागची बाकं वाजायला लागली ती थांबेचनात.
मराठी बाकंही, कानडी बाकंही.
असा मला पहिला नंबर मिळाला. रूपाचं काय घेऊन बसलाय.

मुकुट पुठ्ठ्याचा, वर बेगड, आत खळ ओलीच.
डोक्यावर अकरा मिनिटं होता.
विंगेतून नाट्यमंडळाचा सेक्रेटरी हात पसरून :
दे की गे लवकर, राजा बोडका उभा हाय!
बजेट एकाच मुकुटाचं होतं.

राजा म्हणजे गुरुसिद्ध, बैलहोंगलकडचा.
मराठी वाक्यं त्यानं कानडी लिपीत उतरवलेली,
आणि 'ळ' आमच्यापेक्षा स्वच्छ.
मी प्रॉम्प्टर. छातीवरचा पट्टा काढायला सवड कुठली,
तशीच पदर खोचून वही धरली.

दुसऱ्या प्रवेशात तो थांबला.
मी वाक्य दिलं. परत दिलं.
तो कानशिलाला हात लावून हळूच म्हणाला,
अय्यो, चुच्चाकत्तैति.
निम्मा हॉल हसला : राजाला टोचत होतं काहीतरी.
उरलेल्या निम्म्याला वाटलं, राजानं शाप दिला.
त्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझा फोटो कुणी काढला नाही.
नाटकाचा एक आहे, पिवळा पडलेला.
सून विचारते, ह्यात तुम्ही कुठं?
मी डावीकडची कड दाखवते,
वही धरलेली चार बोटं.
आणि भिंग आणायला सांगते :
राजाच्या मुकुटाखाली, कानाच्या जरा वर,
बारीक काळं काही दिसतंय बघ.
माझा आकडा.
त्यानं तो कधी परत दिला नाही,
मीही मागितला नाही.