जोड नसलेल्या कड्या

लोहार चाळीत हातिमभाईंनी विचारलं,
"किती वजन उचलायचंय?"
म्हटलं, तीन किलो धरा. पुढे वाढेल.
त्यांनी चष्म्यावरून आधी मला पाहिलं, मग माझ्या पोटाला.
सातवा महिना होता.
कडी काउंटरवर आपटून तिचा नाद ऐकवला मला:
"हिला कुठेच जोड नाही. म्हैस टांगा."

तर तशा दोन कड्या,
आणि कुंदामावशीच्या विटलेल्या इरकलीचं
अडीच वार कापड, काठासकट.
एवढ्या भांडवलावर आज, बाविसाव्या दिवशी,
आम्ही दोघी गोखले रोडला लागलो.
तिचा बाबा कांडल्याला, जहाजावर.
मावशी म्हणाली होती, सव्वा महिना उंबरा ओलांडू नका.
जन्माचा दाखला काढायचाय, म्हटलं.
"मग? तो काय पळून चाललाय?"

पाय दिसत नाहीत.
पोट होतं तेव्हाही दिसत नव्हते,
तेच ओझं वीतभर वर सरकलंय, एवढंच.
पेव्हर ब्लॉक कुठे उचकटलाय,
गटाराचं झाकण कुठे डुलतं,
सगळं अंगठ्यानं चाचपत, आठवणीनं चालायचं.
चष्म्याच्या दुकानासमोर पायरी आहे.
होती.

लोक आधी कापड बघतात, मग फुगवटा,
मग काठाखालून बाहेर आलेला
खजुराएवढा एक पाय.
शहाळीवाला कोयता थांबवून म्हणतो, गुदमरेल हो.
एक काकू न विचारता काठ बाजूला करतात,
वाकून बघतात,
"घेतेय श्वास," असा निकाल देतात
आणि रस्ता ओलांडून जातात.
त्यांना काय सांगू,
दर दहा पावलांवर मीही हेच करतेय.

पुढे रस्ता खणलेला.
बॅरिकेडला लुगडं बांधून
एका बाईनं त्यात तिचं मूल निजवलंय.
ती माझ्या कड्यांकडे बघते,
मी तिच्या गाठीकडे.
मग ती घमेलं उचलते.

व्हिडिओतली बाई म्हणाली होती, दोन्ही हात मोकळे राहतात.
तिच्या एका हातात कॉफी होती,
दुसऱ्यात कुत्र्याचा पट्टा.
माझा डावा हात घर सोडल्यापासून
हिच्या ढुंगणाखाली आहे.
कड्यांवर त्याचा विश्वास नाही.
फाईल, पाण्याची बाटली, उन्हाची छत्री, घाम,
सगळं उजव्याच्या वाट्याला.

वॉर्ड ऑफिसच्या दाराशी यंत्र वाजलं.
खाकीतल्या बाईंनी, पट्टीवर नाव प्रमिला घुगे,
हात आडवा धरला: "आत काय आहे?"
माणूस, मी म्हटलं.
त्यांनी यंत्र बंद केलं.
कडीवरून बोट फिरवलं, पूर्ण गोल,
जोड शोधत असाव्यात.
"माझी दिव्याला आहे. पाच महिन्यांची.
आत्ता उठली असेल,"
आणि छातीवरच्या खिशावर मनगट
घट्ट दाबून धरलं क्षणभर.
"जा. तीन नंबरची खिडकी."

तीन नंबरच्या खिडकीनं नाव विचारलं.
अजून ठरलं नाही.
"मग रकाना कोरा सोडतो. इथे आईची सही.
कागद धरा, पंख्यानं उडतो."

कागदाला एक हात हवा,
पेनाला एक.

मागे कुणीतरी खोकलं.
मी डावा हात काढला.

तिला नेमकी तेव्हाच उचकी लागली,
तिच्या अंगातून माझ्या अंगात आली.
कापड ताणलं,
कड्या एकमेकींवर घासून जागच्या जागी बसल्या.
मी सबंध नाव लिहिलं,
आडनावासकट,
नेहमीपेक्षा सावकाश, शेवटच्या वेलांटीला वळण देऊन.
ती कुठेही गेली नाही.

परतताना हात पुन्हा तिथेच,
पण आता नुसता ठेवलेला,
आपल्याच खिशात ठेवावा तसा.
शहाळीवाल्याकडे थांबले.
मलईवालं द्या, म्हटलं.
आणि शहाळं
दोन्ही हातांनी धरून प्याले.