आईच्या टाचा

चिलोएच्या पश्चिम काठाला पुळण इतकी लांब आहे
की घोडा दिसायला लागल्यापासून
घोड्यावरचा माणूस ओळखू येईपर्यंत
चुलीवर किटली उकळते.
आज घोडाही नाही.
मी, फळी, आणि रात्रीच्या भरतीनं टाकलेल्या
कोचायुयोच्या काळ्या दोऱ्या.

फळी मुळात माझी नव्हे.
सात वर्षांपूर्वी एक परका मुलगा इथे तीन आठवडे राहिला,
दोन दिवस समुद्रात उतरला, एकोणीस दिवस पाऊस पाहिला,
आणि जाताना ही मोडकी फळी
आमच्या बटाट्यांच्या कोठीत सोडून गेला.
रोसेंदोमामानं होडीच्या राळेनं तिची चीर सांधली.
जड झाली.
मला चालते जड.

पण लाट कुठे फुटेल ते फळीला कळत नाही.
ते आईला कळतं.

आई पोहायला कधी शिकली नाही.
चाळीस वर्षं कमरेएवढ्या पाण्यात उभी,
टाचा वाळूत फिरवत, डावी, उजवी, डावी,
विसरत चाललेल्या एखाद्या नाचासारखी,
माचा शोधत आली: तळहाताएवढ्या शिंपल्या,
घट्ट मिटलेल्या.
टाचेला कडक लागलं की वाकायचं,
लाट डोक्यावरून जाऊ द्यायची,
उठायचं ते मूठ भरूनच.

पायाखालची वाळू सरकली की माणसं हादरतात.
आईसाठी ती बातमी असते.

"दांडा हललाय," काल रात्री म्हणाली,
चुलीवर मोजे वाळत घालताना.
"वादळानं उचलून ओढ्याच्या तोंडाशी नेला.
तिथे घोट्याएवढं, अन् पुढे एकदम गळ्याएवढं.
तिथेच उठेल तुझी ती."

तुझी ती, म्हणजे लाट.
नाव घेत नाही. जशी मी घरी आणलेली,
तिला न पटलेली कुणी मैत्रीण.

तीन हिवाळे झाले, माचा विरळ झाल्या.
पानिचिनेंनी घोडे विकले,
नोल्बेर्तो सामनच्या कारखान्यात लागला.
आई तरी जाते. रिकामी परत येते
आणि वाळूबद्दल सांगते.

सकाळी ओढ्याच्या तोंडाशी पाणी चहासारखं तपकिरी,
वर जंगलातलं गोडं, खाली खारं,
थंडी सुटाच्या शिवणीतून बरगड्यांपर्यंत.
पहिल्या तीन लाटा
या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम कोसळल्या,
दार तोंडावर आपटल्यासारख्या.
नाकात वाळू. हसायलाही कुणी नाही,
लाल चोचीचे दोन पक्षी, तेही पाठ करून.

मग मी चार हात डावीकडे सरकले,
घोट्याएवढ्याच्या आणि गळ्याएवढ्याच्या
मधल्या कुठल्यातरी जागी.
खालून पाणी मागे गेलं, ओढ पोटाला लागली,
आणि ती उठली, बाटलीच्या काचेची,
तिच्या अंगातून वाळूचे कण वर चढताना दिसत होते,
जणू दांडाच टाचा उंचावून
कोण आलंय ते पाहत होता.

उठले. गुडघे वाकवले. ती उजवीकडे उलगडत गेली
आणि मी तिच्या पुढे, जेमतेम पुढे.
किती वेळ? आई म्हणाली असती,
तीन माचा वेचण्याइतका.

शेवटी तिनं मला टाकलं, न रागावता.
पाय टेकले. छातीएवढं पाणी.
आणि उजव्या टाचेखाली
काहीतरी कडक.

घरी आले तेव्हा लाटेबद्दल तिनं विचारलं नाही.
"पायाला काय लागलं?"
"एक," मी म्हणाले. "लहान होती. राहू दिली."

ती काही बोलली नाही.
टेबलाखाली तिचे पाय लाकडी जमिनीवर हलले,
डावी टाच, उजवी टाच.

बटाटे करपले होते.
खाल्ले तसेच.